सरदारची ढेप आणि कमलेश सरांची पंधरा मिनिटं

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पोळ्याच्या दिवशी आमच्या गावात जे काही झालं, त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं जातंय. शेजारचे बाबुलाल काका तर मला येता-जाता 'पोळाफोडी' म्हणतात. हा शुद्ध अन्याय आहे. पोळा मी फोडलेला नाही. पोळा आमच्या सरदार बैलाने फोडला. सरदारला सरकीच्या ढेपेची चटक माझ्या दादाने लावली, आणि दादावर ती पाळी त्याच्या कमलेश सरांनी आणली. म्हणजे न्यायाने पाहिलं तर खापर पुण्याला जायला पाहिजे. पण एवढ्या लांब खापर नेणार कोण? त्यापेक्षा अकरावीतली मुलगी जवळ पडते.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मनिष. तो पुण्यात एका कन्सल्टिंग कंपनीत आहे. कन्सल्टिंग म्हणजे काय, हे आमच्या गावात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आई सांगते, "आमचा मनिष कंपन्याइले सांगते, काम कसं करायचं ते." यावर बाबुलाल काकांनी विचारलं होतं, "तं ते काम कोन करते?" आई म्हणाली, "ते कंपनीवाले करते." काका म्हणाले, "सांगाचं काम तं मी जलमभर करून राहिलो, निर्मलाबाई. मले कोनी पगार नाई देल्ला."

हे मात्र खरं आहे. बाबुलाल काका न मागता सल्ला देतात, आणि मागितला तर दोन देतात.

यंदा पोळा जवळ आला आणि बाबा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून घसरले. पाय मोडला, प्लास्टर लागलं. म्हणून दादाने ऑफिसातून घरूनच काम करायची परवानगी काढली आणि लॅपटॉप घेऊन गावाला आला. करडी गावाच्या पुढे फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. घरी एकच जोडी, सरदार आणि बादल. बादल म्हणजे अगदी गाय. सरदारचं तसं नाही. त्याला कासरा धरलेला चालतो तो फक्त बाबांचा किंवा दादाचा. मागच्या वर्षी आमच्या चुलतभावाने, प्रविणने, हिंमत केली होती. सरदारने त्याला कासऱ्यासकट तलावात नेलं आणि आपण पाणी पिऊन एकटाच परत आला.

तर बाबांनी खाटेवरूनच जाहीर केलं, "यंदा जोडी तोरनाखाली उभी नाई झाली तं सरळ गिऱ्हाईक पाहातो. चिखलनी टॅक्टरनं, धानाची ढुलाई टॅक्टरनं. पोळ्याले बी कोठ्यातच बांधून ठेवाचे असन तं बैल ठेवाचे कायले?"

बाबा एकदा बोलतात. दुसऱ्यांदा बोलायच्या आत ती गोष्ट झालेली असते. सरदार माझ्यापेक्षा फक्त दहा वर्षांनी लहान आहे. त्याचं पहिलं शिंग रंगवताना ब्रश मी धरला होता. आणि म्हणे, त्याला विकायचं! पण म्हटलं, दादा आलाय ना. पोळ्याच्या दिवशी तोच जोडी धरेल. प्रश्न मिटला.

प्रश्न मिटला नव्हता. दादा आला होता तो फक्त शरीराने.

आमच्या घरात मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी येते, बैलांच्या कोठ्यात, सरदारच्या गव्हाणीजवळ. का, ते कंपनीला विचारा. त्यामुळे दादाचं ऑफिस कोठ्यात लागलं. प्लास्टिकची खुर्ची, समोर उलटं टोपलं, टोपल्यावर लॅपटॉप. पडद्यावर मात्र त्याच्या मागे पुस्तकांची कपाटं दिसायची, ती खोटी. कधीकधी त्या कपाटातून एक शेपूट यायचं, ते खरं.

अडचण अशी झाली की कॉल सुरू झाला की सरदार हंबरायचा. म्हणून दादाने युक्ती काढली. कॉलची ती 'टुडुंग टुडुंग' वाजली रे वाजली की सरदारच्या तोंडात ढेपेचा एक तुकडा. ढेप चघळेपर्यंत सरदार गप्प. दोन दिवसांत सरदार असा तयार झाला की टुडुंग वाजली की हा उठून उभा, मान पुढे, जीभ बाहेर. मी आमच्या वर्गातल्या भल्याभल्यांना इतक्या लवकर काही शिकताना पाहिलेलं नाही.

आणि टुडुंग वाजायची किती! सकाळी वाजायची, जेवताना वाजायची, दादा आंघोळीला गेला की हमखास वाजायची. पलीकडे कायम कमलेश सर. दादाचे साहेब. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला साखर व्हावी. "चॅम्प, फक्त पंधरा मिनिटं!" चॅम्प म्हणजे आमचा दादा. मी तुम्हाला विद्येची शपथ घेऊन सांगते, त्या माणसाची पंधरा मिनिटं मी तीन-तीन तास चाललेली पाहिली आहेत. आई ताटावर ताट झाकून बसायची. भात थंड, वरण थंड, आई गरम.

आता यातला सगळ्यात संतापजनक भाग ऐका. दादाचं एवढं काम काय चाललं होतं? एक बिस्किटांची कंपनी होती. तिच्या कारखान्यातल्या लोकांवरचा कामाचा ताण कमी कसा करावा, लोकांना वेळेवर घरी कसं जाऊ द्यावं, हे दादा त्यांना सांगणार होता! जेवण न करता, मान वाकडी करून, कोठ्यात बसून तो 'विश्रांतीचे महत्त्व' या पानाला निळा रंग द्यावा की हिरवा, यावर कमलेश सरांशी वाद घालत होता.

मी गप्प बसू शकले असते. पण मी नुकताच वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यातून पहिला नंबर काढला होता, विषय 'वेळेचे नियोजन'. आता ज्या मुलीला वेळेच्या नियोजनासाठी ढाल मिळाली आहे, तिच्याच घरात तिचा भाऊ असा बेवेळ मरतोय, हे लोकांना दिसलं तर त्या ढालीची इज्जत काय?

"दादा, तू नाही म्हन नं त्याले," मी म्हटलं.

"असं नाई म्हनता येत, गुड्डी."

"काहून? तोंड नाई का?"

"तुले नाई समजत. क्लायंटचा मामला हाय."

आमच्या घरी ज्या गोष्टीचं उत्तर कोणाजवळ नसतं, ती मला समजत नसते.

तेव्हा मी कामाला लागले. मागच्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला आणलेला निळा रंग उरला होता. जुन्या ड्रमच्या झाकणावर मी ठळक अक्षरात लिहिलं, 'मनिष यांची कामाची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सहा. सहानंतर कोणीही भेटणार नाही. हुकमावरून.' कोणाच्या हुकमावरून, ते मुद्दाम लिहिलं नाही. त्याने वजन येतं. झाकण कोठ्याच्या दाराला टांगलं.

हेतू असा होता की दादाला ते सतत दिसावं आणि त्याला लाज वाटावी. दादाने पाहिलंच नाही, कारण तो पडद्याकडे पाहत होता. पाहिलं ते गावाने. आणि गावाने त्याचा अर्थ असा काढला की दहा ते सहा सल्ला मिळतो.

दुसऱ्या दिवशी दहाला कोठ्यासमोर रांग.

सगळ्यात पुढे रेवता मावशी. त्यांचं घर तलावाच्या पाळीवर, त्यांच्याकडे मासेमारी आणि एक डोंगा, म्हणजे लहान होडी. येताना सुपात झिंगे घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "मनिष, तू लोकाइले सांगत असते म्हने. तं आमच्या सोसायटीच्या अध्यक्षाले सांग नं, माह्या डोंग्याले कवा डांबर लावून देते ते." मागे एक आजोबा होते, त्यांना सुनेबद्दल सल्ला हवा होता. बाबुलाल काका रांगेत नव्हते. ते रांगेच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि ज्याला आत वेळ लागेल त्याला बाहेरच सल्ला देत होते.

दादा बिचाऱ्याच्या एका कानात कमलेश सर आणि दुसऱ्या कानात डोंगा. एकदा तो चुकून कमलेश सरांना म्हणाला, "हो सर, डांबर लावून देऊ." ते म्हणाले, "ग्रेट, चॅम्प, त्याची पण एक स्लाइड कर."

मी झाकण काढून आत भिंतीला उलटं उभं केलं. पण गाव ऐकतं का? त्यांनी वेळ पाठ करून ठेवली होती.

आता पोळा तोंडावर आला. दादाने सुटीचा अर्ज केला. कंपनीचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर. अर्जाला उत्तर आलं, 'पोळा' ही सुटी यादीत नाही, कारणाचा पुरावा जोडा. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. पोळ्याला पुरावा? सूर्याला पुरावा मागा एखाद्या दिवशी! दादा मात्र मान खाली घालून म्हणाला, "राहू दे. मी बाबाइले समजावतो."

बाबांना समजावणार! ज्यांच्या एका वाक्यावर सरदारचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, त्यांना हा समजावणार होता, आणि तेही टुडुंग आणि टुडुंगच्या मधल्या वेळात.

म्हटलं, ठीक. पुरावा पाहिजे ना? ग्रामपंचायत कशासाठी आहे?

ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर खुशालभाऊ बसतो. मी त्याला म्हटलं, "खुशालभाऊ, असा दाखला दे, का पोळ्याले आमच्या जोडीपाशी दादाच पायजे."

खुशालभाऊने चष्मा वर केला. "असा नमुनाच नाई वं."

"मंग कोनता हाय?"

"जन्माचा हाय. मृत्यूचा हाय. रहिवासी हाय. हयातीचा हाय. तुले कोनता पायजे?"

मी म्हटलं, सरदार हयात आहे, रहिवासीपण आहे, दोन्ही मिळून कर. खुशालभाऊ तसा माणूस चांगला, नमुन्याच्या आत राहून वाट्टेल ते करतो. नमुन्यात 'बैल' लिहायला कुठे रकानाच नव्हता, म्हणून बैल राहिला. शेवटी ग्रामसेवक साहेबांची सही. साहेबांकडे तीन गावांचा कारभार, त्यामुळे ते कायम चौथ्या गावाला असतात. त्यांना मी फाट्यावर मोटारसायकल थांबवून गाठलं आणि त्यांनी टाकीवर कागद ठेवून सही ठोकली. न वाचता. तो दाखला असा झाला:

'सरदार व बादल हे पुंडलिकराव यांच्या कुटुंबात कायमचे राहत असून आजरोजी हयात आहेत. पुंडलिकराव यांचा पाय मोडल्याने, श्री. मनिष यांच्या आधाराशिवाय पोळ्याच्या दिवशी ते उभे राहू शकत नाहीत.'

यातला एक तरी शब्द खोटा आहे का, ते सांगा. दादा आंघोळीला गेला तेव्हा मी लॅपटॉप उघडला (त्याचा पासवर्ड आहे सरदारचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, हेही काही हुशारीचं काम नाही), दाखला जोडला आणि पाठवून दिला.

अर्ध्या तासात सुटी मंजूर!

मी अंगणात एक गिरकी घेतली. दुसरी घेणार तेवढ्यात कोठ्यातून दादाचा आवाज आला, "गुड्डेऽऽ!" तो आवाज कौतुकाचा नव्हता.

झालं असं होतं, की बंगळूरला बसणाऱ्या त्यांच्या एचआर मॅडमनी दाखल्याचं मशीनवर भाषांतर करून घेतलं. आणि आता सगळ्या ऑफिसला निरोप गेला होता की मनिषच्या घरचे तिघे अंथरुणाला खिळले आहेत, त्यातले सरदारजी आणि बादलजी तर उभेही राहू शकत नाहीत. दादाला सहानुभूतीचे निरोप येत होते. एकाने विचारलं होतं, सरदारजी तुझे आजोबा का?

"आता मी का सांगू त्याइले?" दादा रडकुंडीला आला होता. "का सरदार बैल हाय?"

"सांग नं. लाज कायची? खोट्या पुस्तकाइच्या पुढं बसतेस तवा नाई वाटत लाज?"

तेवढ्यात टुडुंग. सरदार उठून उभा.

"चॅम्प," कमलेश सर गहिवरून म्हणाले, "फॅमिली फर्स्ट! तू त्या दिवशी अजिबात काम करायचं नाही. लॅपटॉपला हात लावायचा नाही. फक्त दुपारी चारला बिस्किटवाल्या मॅडम येतायत, तेव्हा फोनवरून पंधरा मिनिटं."

चारला! आमच्या आखरावर, गावाबाहेरच्या मैदानात, जोड्या उभ्या राहतात त्याच वेळेला!

मी दादाकडे पाहिलं. म्हण. आत्ता म्हण. एका अक्षराचा तर शब्द, फार तर दोन.

"हो सर," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला फाट्यावरून पत्ता विचारत आला. भली मोठी फळांची टोपली. वर चिठ्ठी, 'सरदारजी, बादलजी, लवकर उभे राहा.' सफरचंदं सरदारने खाल्ली, केळी बादलने सालासकट. ज्यांच्या नावाने आली त्यांनीच खाल्ली, तेव्हा यातही कोणाची फसवणूक झाली असं मला वाटत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा घट्ट झालेला असतो, त्याला लोणी-हळद लावून चोळतात आणि म्हणतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' आईने सरदारचा खांदा शेकला, बादलचा शेकला. बाजूला दादा कॉलवर, मान एका अंगाला कललेली. आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वाटीकडे. मग उरलेली लोणी-हळद त्याच्या मानेला, खांद्याला चोळायला लागली. कॅमेरा सुरू. पलीकडे कोणीतरी म्हणालं, "मनिष, तुमच्या मागे कोणी आहे का?"

"बोलू दे त्याइले," आई म्हणाली, "तू मान सरळ कर."

त्या क्षणी मला झडती सुचली.

झडत्या माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या झाल्या की माईकवरून झडत्या म्हणतात. चार-सहा ओळी जुळवायच्या, त्यात कोणाचीही खिल्ली उडवायची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, असा नियम आहे. मग मानाची जोडी पुढे होते, तोरण तुटतं, पोळा फुटतो. आमच्या गावात मानाची जोडी बाबुलाल काकांची. त्यांच्याआधी तोरणाखालून कोणी जायचं नाही. हा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

मी माईक मागितला तेव्हा काका म्हणाले, "पोरी कवा झडत्या म्हनते का वं?"

"ढाल पोरीनंच आनली नं तालुक्याची? तवा तं तुमीच फोटो काढले बाजूले उभे राहून."

काका घसा खाकरून म्हणाले, "बरं, म्हन. पन लहान म्हन."

तर पोळ्याची दुपार. आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली जोड्यांची रांग. आमचे सरदार-बादल निळी शिंगं, नवे गोंडे, पाठीवर झूल घालून असे उभे की बघतच राहावं. दादाने दोन्ही हातांनी कासरे धरले होते. बाबांना प्रविणने खुर्चीसकट उचलून आणलं होतं, प्लास्टरचा पाय एका पोत्यावर. बाबा नुसते जोडीकडे पाहत होते, आणि त्यांना पाहून मला वाटलं, झालं, आता नाही विकत.

दादाचे हात गुंतलेले, म्हणून फोन त्याने माझ्याकडे दिला. "वाजला तं मले आनून दे. लवकर." मी हो म्हटलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माईक. तोंड उघडणार, तोच फोन वाजला, आणि माईकला लागूनच होता. आखराच्या चारी कोपऱ्यांना भोंगे. चारही भोंग्यांतून एकदम...

टुडुंग टुडुंग! टुडुंग टुडुंग!

सरदारचे कान उभे झाले. त्या बिचाऱ्याचा विचार करा. आजवर एका बाजूने ढेप यायची, आज चारी दिशांनी येत होती. त्याने एक पाऊल टाकलं. दादाने टाचा रोवून कसाबसा आवरला. मी घाईघाईत फोनवर बोट दाबलं. आवाज थांबला. मला वाटलं, बंद झाला. बोट हिरव्यावर पडलं होतं की लालवर, हे बघायला वेळ कोणाला होता? सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. मी छाती भरून सुरुवात केली:

"कासरा रे कासरा, कासऱ्याले गाठ,
सायबाच्या पंधरा मिनटाले वाजले आठ!
बैलाले सुटी भेटते वर्षातून एक,
माह्या भावाले भेटेना, तो कोनाचा लेक?
बैलाचा खांदा शेकला लोनी-हळद लावून,
भावाच्या खांद्याकडं कोनी पायलं का वाकून?
एक नमन गौरा पार्वती, हर बोलाऽऽ..."

"हर हर महादेव!" सगळं आखर गरजलं. आई डोळ्याला पदर लावत होती. दादा माझ्याकडे बघत राहिला, आणि कासऱ्यावरचा त्याचा हात जरासा ढिला पडला.

त्याच वेळी रेंज गेली, कॉल तुटला आणि कमलेश सरांनी पुन्हा लावला.

टुडुंग टुडुंग!

यानंतरचं वर्णन मी थोडक्यात करते, कारण बाबुलाल काका ते रोज सविस्तर करतात. सरदार निघाला. सरदारबरोबर बादल, बादलबरोबर दादा. तोरण सरदारच्या शिंगाला अडकलं आणि तो तसाच तोरण मिरवत थेट माझ्या दिशेने आला, भोंग्याचा खांब सोडून, माईकपाशी, जीभ बाहेर काढून. मागच्या जोड्यांना वाटलं पोळा फुटला, त्याही सुटल्या. धूळ, घंटा, पळापळ. रेवता मावशी नारळाच्या टोपलीवर बसल्या. आणि या गोंधळात एकच माणूस खुर्चीत बसून, मोडका पाय विसरून, दोन्ही हात वर करून ओरडत होता, "हर हर महादेव! माहा सरदार पयला! सरदार पयला!" ते आमचे बाबा.

बाबुलाल काका मात्र आपल्या मानाच्या जोडीजवळ जागच्या जागी उभे होते. चेहरा दगडाचा.

"पुंडलिकराव," ते म्हणाले, "हा मान माह्या आज्यापासून हाय. हे नाई चालनार. आत्ता बैठक बसवा."

बाबांचे हात खाली आले. मला कळलं, आता या दोघांचं वैर सुरू होणार आणि ते माझ्या नावाने सुरू होणार. गोंधळात माझं बोट पुन्हा हिरव्यावर पडलं असणार, कारण माझ्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज येत होता, "चॅम्प? चॅम्प, आर यू देअर? मॅडम लाइनवर आहेत."

दादा आला. धुळीने पांढरा, एक चप्पल गायब. त्याने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता म्हणेल, 'हो सर.' त्याने फोन बंद केला. म्हणजे कॉल नाही, अख्खा फोनच बंद. काळा. मग तो काकांसमोर जाऊन उभा राहिला.

"काका, तोरन तुटलं म्हंजे पोळा फुटला, बरोबर?"

"हो मंग!"

"तोरन तं सरदारच्या शिंगाले अटकून हाय. तुटलं कुठं? अख्खं हाय. म्हंजे पोळा फुटलाच नाई. पुन्हा बांधू. सगळ्या जोड्या पुन्हा उभ्या करू. तुमची जोडी पुढं."

काकांनी सरदारच्या शिंगाकडे पाहिलं. तोरणाकडे पाहिलं. सगळं गाव काकांकडे. शेवटी ते म्हणाले, "हा सल्ला मीच देनार होतो."

असा आमच्या गावात यंदा पोळा दोनदा फुटला. दुसऱ्यांदा काकांची जोडी पहिली, आमची तिसरी. दादा शेवटपर्यंत आखरावर होता. घरोघर जोडी ओवाळून घेत फिरला, पुरणपोळी गरम खाल्ली, आणि बाबा झोपताना आईला म्हणाले, "झूल धुऊन ठेव. पुढच्या साली लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी नारबोद. पळसाच्या डहाळ्या घेऊन, गावातली सगळी पीडा नावं घेऊन हाकलतात आणि शिवेपार टाकतात. "खोकला घेऊन जाय गे नारबोद! मच्छर घेऊन जाय गे नारबोद!" दादाने निघताना फोन सुरू केला, आणि कमलेश सर आतमध्ये जणू दबा धरूनच बसले होते.

"चॅम्प! ब्रिलियंट! मॅडम हसून हसून वेड्या झाल्या. म्हणाल्या, बैलाला सुटी तर माणसाला का नाही, हेच आम्हाला पाहिजे. आपण त्यांना 'पोळा मॉडेल' देतोय! ती मुलगी, तो सरदारजी... अरे, सरदारजी बैल आहेत, सांगायचं नाहीस? ते जाऊ दे. विश्रांतीवर तीस स्लाइड, आज रात्रीपर्यंत. फक्त..."

मी दात-ओठ खात उभी होते. माझी झडती! माझा संताप! त्याचं मॉडेल करून हा माणूस पुन्हा माझ्याच भावाच्या मानेवर ठेवत होता!

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्याचा कान लाल झाला होता.

"नाई सर," तो म्हणाला. पुण्याची भाषाही विसरला होता. "आज नाई होनार. आज आमच्याकडं नारबोद हाय. उद्या दहाले बसतो. सहाले उठतो."

मग कमलेश सर बारीक आवाजात म्हणाले, "ओके. नारबोद म्हणजे कुठला क्लायंट?"

मी उड्या मारत शिवेपर्यंत गेले. "पंधरा मिनिट घेऊन जाय गे नारबोद!" असं इतक्या जोरात ओरडले की माझ्या मागे सगळी पोरंही ओरडली, कोणालाच कशाबद्दल ते माहीत नसताना. वेळेच्या नियोजनाची ढाल आता कुठे माझी झाली, असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी मी गणिताची वही घेऊन कोठ्यात गेले. माझी गणितं दादाच सोडवून देतो. म्हणजे मी समोर बसते, तो सोडवतो, मी उतरवून घेते, अशी आमची पहिलीपासूनची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी तपासायला द्यायची होती. दादा खुर्चीत पाय पसरून सरदारच्या मानेला खाजवत बसला होता. लॅपटॉप बंद.

"दादा, फक्त दोन गणितं. पंधरा मिनिटं लागतील."

दादा हसला. उठला, भिंतीला उलटं टेकवलेलं ड्रमचं झाकण उचललं, त्यावरची धूळ झटकली आणि माझ्यासमोर धरलं. निळ्या रंगात, ठळक अक्षरात, माझ्याच हस्ताक्षरात.

"सहा वाजून गेले, गुड्डी," तो म्हणाला. "हुकमावरून."

तुम्हीच सांगा, याला न्याय म्हणतात का?